सुट्टी घेऊनही न उतरणारा थकवा : एका लघुउद्योजकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : "वय ४६. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि पत्र्याचे फॅब्रिकेशन करण्याचे माझे युनिट आहे, १८ कामगार आहेत. आमच्या घरात धंदा करणारा मी पहिलाच. दोन मोठ्या ग्राहकांची बिले चार-पाच महिने अडकतात आणि बँकेचे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देणारे कर्जाचे) खाते कायम काठोकाठ उचललेले असते. गेले आठ महिने पहाटे तीनला जाग येते, फोन वाजला की छातीत धस्स होते, जुन्या वेल्डरवर विनाकारण ओरडतो. दिवाळीनंतर चार दिवस दीवला जाऊन आलो, तिथेही बरे वाटले नाही. मी तबला वाजवत असे. वर्षभरात त्याला हात लावलेला नाही. पत्नीला कर्जाचा नेमका आकडा माहीत नाही. हा बर्नआउट आहे का? मोठी सुट्टी घ्यावी, गोळ्या सुरू कराव्यात, की युनिटच बंद करावे? कामगारांना काही सांगावे का?"

तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की बऱ्याच गोष्टींवर थेट बोलता येईल. आधी माझे मत सांगते, मग कारणे देते. तुमच्या वर्णनावरून हा निव्वळ बर्नआउट वाटत नाही; उपचारांची गरज असलेले नैराश्य सुरू झाल्याची दाट शक्यता आहे, आणि त्याची खात्री समोरासमोर तपासणी करूनच करता येईल. दुसरे असे की झोप, चिडचिड, सुट्टी आणि गोळ्या यांविषयी तुम्ही सविस्तर विचारले, पण पत्नीला कर्जाचा आकडा माहीत नाही हे मात्र जाता जाता एका ओळीत लिहून मोकळे झालात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून लहान कारखानदारांवर उपचार करता करता माझे असे ठाम मत झाले आहे की माणूस कामाच्या तासांनी जितका खचतो, त्याहून अधिक तो आकडा एकट्याने लपवून सांभाळण्याने खचतो. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्या एका ओळीविषयी आहे.

बर्नआउट ही संकल्पना १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून मांडली. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ साली ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : मनाची शक्ती संपून जाणे, ज्यांच्याशी काम पडते त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून धड काहीच होत नाही असे वाटत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे निर्माण होणारी अवस्था एवढेच त्याचे वर्णन आहे. हे सारे संशोधन मुख्यतः परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा लोकांना समोर ठेवून झाले. त्यांना वरिष्ठ असतो, रजेचा अर्ज असतो, बदली मागता येते आणि ठरल्या तारखेला पगार होतो. 'सुट्टी घ्या, कामाचे तास कमी करा, घरी फोन बंद ठेवा' हा जो सल्ला तुम्हाला सगळीकडून मिळत असेल तो त्यांच्या आयुष्याच्या मापाने बेतलेला आहे. १८ कामगारांचा पगार ज्याला स्वतः काढावा लागतो त्याला तो लागू पडला नाही, तर त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा शोधू नये.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. केवळ कामाने थकलेल्या माणसाला कामापासून दूर नेले की दोन-तीन दिवसांत जेवणाला चव येते, दुपारी डोळा लागतो, पोरांशी बोलावेसे वाटते. परतीच्या दिवशी पुन्हा पोटात गोळा येतो. तुम्हाला दीवला तेवढाही आराम मिळाला नाही. तबल्याशी तर ग्राहकाचा किंवा बँकेचा काही संबंध नाही, तरीही तो सुटला. ज्या गोष्टी पूर्वी निखळ आनंदाच्या होत्या त्यांतलाही रस जाणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण आहे. पहाटे नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येणे, पुन्हा झोप न लागणे, आणि सकाळ सर्वांत जड जाऊन संध्याकाळी थोडे हलके वाटणे, हे त्याचे दुसरे ओळखीचे रूप. अशी लक्षणे दोन आठवडे रोज टिकली तरी आम्ही तपासणीची गरज मानतो; तुमचे आठ महिने झाले आहेत.

मनाकडे वळण्यापूर्वी शरीर तपासून घ्यायला हवे, ही पायरी कृपा करून गाळू नका. छातीत धस्स होणे बहुधा चिंतेमुळे असेल, परंतु ४६ व्या वर्षी, आठ महिन्यांच्या निद्रानाशानंतर, ते गृहीत धरणे योग्य नाही. फिजिशियनकडून रक्तदाब आणि ईसीजी पाहून घ्या. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासा. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते आणि तिचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो. झोपेत मोठ्याने घोरत असाल किंवा श्वास अडकून दचकून जागे होत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

उद्योजकाचा ताण नोकरदाराच्या ताणाहून वेगळा का, हे समजायला महिन्याची दिनदर्शिका पुरेशी आहे. माझ्याकडे येणाऱ्या कारखानदारांना मी सुरुवातीला महिनाभर झोपेची नोंद ठेवायला सांगते. ती नोंद तारखांशेजारी मांडली की वाईट रात्री कुठे गोळा झाल्या आहेत ते लख्ख दिसते : ७ तारखेच्या पगाराआधीच्या तीन-चार रात्री, भविष्य निर्वाह निधीच्या १५ तारखेची आदली रात्र, जीएसटी विवरणाच्या २० तारखेच्या आधीच्या रात्री, आणि महिनाअखेर खात्याला बँकेचे व्याज लागते ती रात्र. यात जीएसटीची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कर बिल फाडले की देय होतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. १८ टक्के दराने दहा लाखांच्या बिलावर १ लाख ८० हजार रुपये कर लागतो, आणि कच्च्या मालावर भरलेला कर वजा जाता उरलेली रक्कम तुम्ही पुढच्या २० तारखेला स्वतःच्या खिशातून भरता. ज्याच्यासाठी भरता तो मात्र चार महिन्यांनी पैसे देतो. म्हणजे जो ग्राहक तुमचा देणेकरी आहे त्याच्यासाठीच तुम्ही सीसी खात्यातून व्याजाने पैसे काढून सरकारला देता. दर महिन्याला असे घडत असताना शरीर सावध राहायला शिकते, आणि पुढे तारीख नसतानाही सावधच राहते. पहाटे तीनची जाग ही त्या शिकलेल्या सावधपणाची आहे.

शिवाय तुमचे युनिट मालकी पद्धतीचे असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. धंद्याची देणी ही तुमची वैयक्तिक देणी ठरतात. कंपनी स्थापन केली असली तरी बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी घेते आणि राहते घर तारणात असते. त्यामुळे 'धंद्याला स्वतःपासून वेगळे ठेवा' हा उपदेश ऐकायला बरा असला, तरी ज्याने घराची कागदपत्रे बँकेत ठेवली आहेत त्याला तो कसा पाळता येणार? मन आणि धंदा एकमेकांत गुंतले आहेत याला पक्का कागदोपत्री आधार आहे, हे मान्य करूनच उपचार करावे लागतात.

'आमच्या घरात मी पहिलाच' हे तुम्ही लिहिलेत, त्यावर थोडे थांबते. वडोदऱ्यातील मराठी घरे पाहिली तर दांडिया बाजारात, रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी अनेक कुटुंबे गायकवाडी राज्याच्या कारभाराच्या निमित्ताने इथे आली. सयाजीराव महाराजांच्या १८७५ ते १९३९ या कारकिर्दीत शाळा, कचेऱ्या, ग्रंथालये उभी राहिली, आणि शिकून नोकरी करणे हे या घरांचे अभिमानाचे स्थान झाले. पुढे विद्यापीठ, रेल्वे, बँका आणि रिफायनरी इथल्या नोकऱ्यांत तोच अभिमान गेला. अशा घरात कर्ज म्हणजे घरबांधणीचे, पगारातून कापून जाणारे आणि निवृत्तीपूर्वी फिटणारे. याउलट शेजारच्या व्यापारी घरात एखादी उधारी बुडाली, एखादा माल परत आला, हे जेवताना बोलले जाते. नात्यातल्या कोणाचा तरी धंदा कधीतरी बसलेला असतो आणि पुन्हा उभा राहिलेला असतो, आणि मुलांनी ते पाहिलेले असते. कोणता समाज चांगला, असा हा प्रश्न नव्हे. पण नोकरदार घरातून आलेल्या पहिल्या उद्योजकाजवळ नुकसानाविषयी बोलण्याची घरगुती रीतच नसते. ज्या आकड्याला व्यापारी घरात 'सध्या ताण आहे' म्हणतात, त्याच आकड्याला आपल्या घरात अब्रू गेली असे म्हणतील या भीतीने तो गप्प बसतो.

गप्प बसण्याचे रोजचे रूप काय असते? बँकेची पत्रे घरी न येता शेडच्या पत्त्यावर यावीत अशी व्यवस्था करणे, जेवताना फोन पालथा ठेवणे, ठरावीक नंबर दिसला की गॅलरीत जाऊन बोलणे, पत्नीने 'या वर्षी फ्रिज बदलू या का' विचारले की तिच्यावरच चिडणे, कारण खरे उत्तर देता येत नाही. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात पूर्वीइतकाच आहेर करावा लागतो, कारण कमी केला तर प्रश्न निघतील. एक खोटे सांभाळण्यासाठी रोज वीस लहान निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांतला एकही धंद्याच्या उपयोगाचा नसतो. घरी आल्यावर जी विश्रांती मिळायची तीच जागा सर्वांत अधिक पहाऱ्याची होते. सुट्टीचा उपयोग का झाला नाही, याचे माझ्या मते मुख्य कारण हेच आहे : दीवला तुम्ही कारखान्यापासून दूर होतात, पण ज्या व्यक्तीपासून लपवायचे ती चोवीस तास शेजारी होती.

इथे एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पावडर कोटिंगचा लहान व्यवसाय असलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत होते. औषधांनी झोप थोडी सुधारली, पुढे सगळे अडले. अखेर ते पत्नीला घेऊन आले, आणि सगळी देणी त्यांनी जुन्या डिलिव्हरी चलानांच्या कोऱ्या पाठीवर, तीन कागदांत, पेन्सिलीने लिहून आणली होती. बाई शाळेत गणित शिकवत. त्यांनी चष्मा लावला, पेन मागून घेतले आणि बेरीज पुन्हा केली. एक कर्ज नवऱ्याने दोनदा धरले होते. एकूण रक्कम नवऱ्याच्या बेरजेपेक्षा अडीच लाखांनी कमी निघाली. वर्षभर रात्री छातीवर घेऊन झोपलेला आकडा मुळात चुकीचा होता. मग बाईंचे बोट सोनेतारण कर्जाच्या ओळीवर थांबले, आणि आपल्या पाटल्या लॉकरमध्ये नाहीत हे त्यांना माझ्यासमोर कळले. त्या रडल्या नाहीत; 'सोडवायची शेवटची तारीख कधी आहे?' एवढेच त्यांनी विचारले. त्यानंतर पंधरा दिवस घरात कामापुरतेच बोलणे होते आणि तो राग रास्त होता. तो लवकर शांत करण्याचा प्रयत्न मी केला नाही. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी ग्राहकांच्या हिशेब विभागांना फोन करण्याचे काम त्या बाईंनी घेतले. धंदा आजही पूर्वीपेक्षा लहान आहे. नवरा मात्र त्या भेटीनंतरच्या आठवड्यापासून सलग झोपू लागला.

त्या फोनांविषयी सांगायलाच हवे, कारण पुष्कळदा कामाचे तास कमी करण्यापेक्षा एक विशिष्ट काम दुसऱ्याकडे देण्याने अधिक फरक पडतो. ज्याने एकाच हिशेबनीसाला शंभर वेळा विनवले आहे आणि शंभर वेळा 'पुढच्या आठवड्यात पाहू' ऐकले आहे, त्याला तो आवाज ऐकताच घाम फुटतो. तो एकतर गयावया करतो किंवा भांडतो, आणि दोन्हींमुळे पैसे येत नाहीत. पत्नी, भाऊ, विश्वासू अकाउंटंट, कोणीही चालेल, पण ज्याच्या मनावर त्या ग्राहकाचे ओझे नाही अशा व्यक्तीने ठरल्या वारी, बिलांची यादी समोर ठेवून, शांतपणे विचारणा करावी. तुम्ही कारखान्यात ऑर्डर आणि दर्जा पाहा.

पत्नीला सांगायचे कसे, याविषयी माझा अनुभव असा की थोडे थोडे करून सांगू नये. आज पाच लाख, महिन्याने आणखी सात, असे झाले की प्रत्येक वेळी विश्वासाला नवा तडा जातो आणि पुढचे खरे असले तरी ते खरे वाटत नाही. आधी एका कागदावर सगळे लिहा : कोणाचे देणे, किती, व्याज किती, पुढची तारीख कोणती, तारण काय; त्याखाली येणी, प्रत्येक बिलाच्या तारखेसह. तुमच्या सीएकडून बेरीज तपासून घ्या, कारण या अवस्थेत माणूस हिशेबात हमखास चुकतो. मग रात्री अकराला दिवे मालवल्यावर नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, मुले घरात नसताना, कागद मध्ये ठेवून बोला. तिचे काही तारण ठेवले असेल किंवा तिच्या ठेवी मोडल्या असतील, तर ते सर्वांत आधी सांगा. ती चिडेल, त्या क्षणी 'तुमच्यासाठीच केले' हे वाक्य उच्चारू नका. घरी हे बोलणे अशक्य वाटत असेल, तर समुपदेशकाच्या किंवा डॉक्टरांच्या खोलीत बोला. आम्ही त्यासाठीच आहोत.

पैशांचा मार्ग दाखवणे हे माझे क्षेत्र नव्हे, तरी काही गोष्टी माहीत नसल्यामुळे माणसे अकारण हताश होतात म्हणून सांगते. तपशील सीएला विचारा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते आणि तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, नेता येते. ग्राहक तुटेल या भीतीने बहुतेक जण ती करत नाहीत, आणि ती भीती खोटी म्हणता येत नाही. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या नियमानुसार, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. म्हणून मार्चपूर्वी, तक्रारीचा सूर न लावता, उद्यम प्रमाणपत्र जोडून थकीत बिलांची यादी त्यांच्या हिशेब विभागाला लेखी पाठवणे शक्य असते. बँकेचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते; त्याच्या आधी बँकेत जाणे आणि नंतर जाणे यांत फार अंतर आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या निर्देशांप्रमाणे २५ कोटी रुपयांपर्यंतची कर्जे असलेल्या अशा उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी बँकांमध्ये समितीची व्यवस्था आहे आणि अडचण दिसू लागताच उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. आणि कितीही निकड असली तरी व्याजखोराचे पैसे उचलू नका. उचलले असतील आणि धमक्या येत असतील, तर गुजरात मनी-लेंडर्स कायदा, २०११ प्रमाणे बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे. वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जा.

आता गोळ्या. नैराश्याचे निदान झाले आणि लक्षणे तुमच्यासारखी आठ महिन्यांची असली, तर औषध घेण्याचा सल्ला मी देईन. नैराश्यावरील आजची औषधे सवय लावणारी नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते, आणि बरे वाटू लागल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने ती चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. मधेच सोडल्याने आजार उलटतो. औषधासोबत समुपदेशन असावे. त्यात आम्ही विचारांइतकेच रोजच्या वागण्यावर काम करतो, आणि तुमच्या बाबतीत पहिले काम रोज पंधरा मिनिटे तबल्यापुढे बसणे हे असेल, मन लागो वा न लागो, कारण रस परत येण्याची वाट पाहून वाजवायला बसणारा माणूस बहुधा बसतच नाही. झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. पहाटे जाग आल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, फोनवर बँकेची शिल्लक पाहू नका, आणि पेंग आली की परत या.

डॉक्टरांपासून काही लपवू नका, हे गुजरातमध्ये मला मुद्दाम सांगावे लागते. दारूबंदीमुळे पिणारा माणूस घरापासून लपवतो तसा डॉक्टरांपासूनही लपवतो. रोज संध्याकाळी थोडी घेतल्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि नैराश्य वाढते. किती घेता हे कळल्याखेरीज आम्हाला औषध नीट ठरवता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, आणि त्या एकाएकी बंद करू नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात.

युनिट बंद करावे का? हा निर्णय आज घेऊ नका. नैराश्यात माणसाला सर्व वाटा बंद दिसतात, आणि त्याच नजरेने इतक्या वर्षांच्या कामाचा हिशेब केला तर उत्तर एकच येणार. उपचार सुरू करा, दोन-तीन महिन्यांनंतरची एक तारीख पत्नी आणि सीए यांच्या सोबतीने ठरवा, आणि त्या दिवशी आकडे समोर ठेवून तिघांनी मिळून निर्णय घ्या. तोपर्यंत एवढेच पाळा की नवे कर्ज नको आणि उधारीवर त्याच दोन ग्राहकांचे नवे मोठे काम नको. तारीख आल्यावर आकडे 'युनिट बंद करा' म्हणत असतील, तर बंद करणे हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मी असे निर्णय घेऊन पुढे नोकरीत किंवा लहान व्यवसायात नीट रुळलेली माणसे पाहिली आहेत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, तो मी विचारते. 'मी नसलो तर घरचे सुटतील' असा विचार मनात येतो का? विम्याची कागदपत्रे काढून पाहिली आहेत का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० साली देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आत्महत्या केली. त्या वर्षी शेती क्षेत्रातील संख्या १०,६७७ होती. शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी आपण निदान बोलतो. शेडमध्ये एकट्या बसलेल्या माणसाविषयी कोणी बोलत नाही. असा विचार येत असेल तर तो तुमचा निष्कर्ष नसून आजाराचे लक्षण आहे, आणि योग्य उपचारांनी तो मावळतो. त्या क्षणी एकटे राहू नका, घरातील कोणाला तरी त्याच शब्दांत सांगा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा, किंवा सयाजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. खर्चाची चिंता असेल तर सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात सरकारी दरात उपचार मिळतात. तिथे ओळखीचे कोणी दिसेल या संकोचाने माणसे महिनेन्‌महिने वाया घालवतात; तुम्ही तसे करू नका.

राहिला कामगारांचा प्रश्न. कर्जाचा आकडा त्यांना सांगण्याची गरज नाही, पण त्यांना काहीच माहीत नाही असे समजू नका. पत्रा पूर्वी गाडीभर येत असे आणि आता चार-चार शीट येतात हे त्यांनी कधीच पाहिले आहे. ज्या वेल्डरवर ओरडता त्याला बाजूला बोलवा, आपली चूक झाली असे स्पष्ट सांगा, आणि तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, एवढे त्याला कळू द्या. इतकी वर्षे तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाला तेवढे सांगणे योग्यच आहे. पगार ७ तारखेच्या आत देणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून येणाऱ्या प्रत्येक पैशात पहिला वाटा पगाराचा ठेवा. तरीही एखाद्या महिन्यात अडचण येणार असे दिसले तर ७ च्या संध्याकाळी शेडमधून लवकर निघून जाऊ नका. ४-५ तारखेलाच सर्वांना एकत्र बोलावून किती रक्कम कोणत्या दिवशी मिळेल ते सांगा, आणि त्या दिवशी तेवढी रक्कम स्वतःच्या हाताने द्या.